आधी राजोडी, मग गिरीज

राजोडीचा ऑस्कर ऑफिसात आकडेवारीचे प्रोग्रॅम लिहितो. नाताळच्या कॅरल स्पर्धेनंतर त्याने हौसेने एक आलेख काढला. प्रत्येक गायनमंडळाचा एक ठिपका. परीक्षक दोन: आडवे फादरांचे गुण, उभे ग्लोरिया टीचरचे. मग ठिपके गावाप्रमाणे रंगवले: राजोडी निळी, गिरीज लाल. बघतो तर टीचरने निळ्यांना सगळीकडे फादरांपेक्षा कमी गुण दिलेले! आणि टीचर पडल्या गिरीजच्या. ऑस्करने आलेख भर सभेत दाखवला. टीचर परीक्षकपद सोडून मुकाट्याने घरी गेल्या.

आठवड्याने प्रोग्रॅम पुन्हा वाचताना त्याला चूक दिसली. प्रोग्रॅम गावं इंग्रजी अक्षरक्रमाने घेतो आणि लिहिलेले रंग त्याच क्रमाने वाटतो. गिरीजचा जी आधी, राजोडीचा आर नंतर. ऑस्करने मात्र आपलं गाव पहिलं या अभिमानाने राजोडीचा रंग आधी लिहिला होता. रंगांची अदलाबदल झाली होती. निळे ठिपके गिरीजचे होते. टीचरने कमी गुण दिले होते ते स्वतःच्याच गावाला!

तो तडक गिरीजला गेला. “टीचर, चूक माझी. रविवारी चर्चमध्ये मिस्सानंतर सगळ्यांना सांगतो.”

टीचर दचकल्या. “काय सांगशील? मी गिरीजला पाडलं म्हणून? अरे बाबा, माझी भाचरं गातात त्यात!”

“पण तुमचं नाव खराब झालं ना!”

“ते राजोडीत. राजोडी लांब आहे. गिरीजवाले माझ्या कुंपणाला लागून राहतात. गप बस, आणि ही केळी घेऊन जा.”

घरी सगळ्यांनी केळी चवीने खाल्ली. ऑस्करने एकालाही हात लावला नाही.