ट्रेसिंग पेपरवरची आफ्रिका

आफ्रिकेचं खूळ मूळचं यांचं. हे, म्हणजे माझे यजमान, पाटबंधारे खात्यात अनुरेखक होते. धरणांचे आणि कालव्यांचे नकाशे काढता काढता निवृत्त झाले. मी देवपुरातल्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे. मी घरी बसले त्याच आठवड्यात यांनी जेवणाच्या टेबलावर ट्रेसिंग पेपर पसरला आणि टांझानियाचा नकाशा काढायला घेतला. नद्या निळ्या शाईने, वर प्रवाहाचे बाण. उत्तरेकडच्या एका नदीवर लाल फुली. आपल्याकडे पावसाळा असतो त्या दिवसांत विल्डबीस्ट नावाच्या दाढीवाल्या जनावरांचे कळप तिथून नदी ओलांडतात. त्या काठावर आपण दोघांनी उभं राहायचं, एवढा साधा बेत होता.

"धुळ्याच्या उन्हात जन्म गेला, आता आणखी ऊन बघायला आफ्रिकेत कशाला?" मी म्हणाले. यांनी पट्टी सरकवून पुढची रेघ मारली. टूर कंपनीबरोबर जायचं नाही, हेही यांनीच ठरवलं. तिथे म्हणे शिट्टी वाजवून उठवतात आणि सिंह दिसला की सगळे मिळून ओरडतात. आपलं आपण जायचं, तिथल्या अरुशा शहरातला एखादा ड्रायव्हर गाठायचा, वाटेल तिथे गाडी थांबवायची. दोन वर्षं आमच्या टेबलावर आफ्रिका होती आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवत होतो.

ऑगस्टची तिकिटं काढली, अरुशाचा एक ड्रायव्हर ठरवला आणि फेब्रुवारीत यांना लकवा झाला. सकाळी दाढी करताना हातातून ब्रश गळाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. कळत सगळं होतं. एकदा डोळे मिटले की हो, दोनदा मिटले की नाही, एवढंच बोलणं उरलं.

खरं सांगते, मला तेव्हा काहीच वाटत नव्हतं. औषधं, चादरी, व्यायाम, मऊ खिचडी. भेटायला आलेल्या बायका माझा हात धरून रडायच्या आणि मी मनात हिशेब करत असायचे की हिला चहात साखर चालते का. मुलगा पुण्याहून येऊन गेला, जाताना म्हणाला, "आई, तू फार खंबीर आहेस." खंबीर कसली, आतून सगळं बधिर झालं होतं. पण त्याला तसं सांगून काय उपयोग होता?

डॉक्टर म्हणाले, पेशंटशी बोलत राहा. आता चौतीस वर्षांच्या संसारानंतर रोज नवीन काय बोलणार? म्हणून मी अरुशाच्या ड्रायव्हरचे निरोप वाचून दाखवायला लागले. तो लिहायचा, पाऊस चांगला झालाय, गवत उंच आहे. हे नकाशाकडे बघायचे. तो मी पलंगासमोरच्या कपाटाला चिकटवला होता. एप्रिलमध्ये त्याने विचारलं, माणसं दोनच ना? मी लिहिलं, एक. पाठवून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की येणं रद्द, असं मी लिहिलंच नाही.

मग मी न बोलता एकेक काम उरकत गेले. पिवळ्या तापाची लस घ्यायला मुंबईला जाऊन आले. साठीच्या पुढच्यांना तिथे दोन-दोनदा विचारून मगच टोचतात. ड्रायव्हरने कळवलं, काळे-निळे कपडे आणू नका, त्या रंगांवर चावऱ्या माश्या येतात. माझे सगळे चांगले ड्रेस निळे. खाकी कापड घेऊन शिंप्याकडे गेले तर तो म्हणाला, "काय मॅडम, होमगार्डमध्ये लागल्या का?" मी हसले असेन बहुतेक, कारण तोही हसला.

मुलाला फोनवर कळलं तेव्हा तो म्हणाला, "बाबा असे पडलेत आणि तू सिंह बघायला जाणार? लोक काय म्हणतील?" त्याचं चुकलं नव्हतं, मीही माझ्याबद्दल तेच म्हणत होते. उलट पिंपळनेरची माझी नणंद, यांची धाकटी बहीण, महिनाभराचे कपडे घेऊन येऊन दाखल झाली. "वहिनी, तू जाय. भाऊले मी देखसू. लोके बोलतीन, बोलू दे." तिने येताना डबाभर बिबड्या आणल्या होत्या. ज्वारीचे हे पापड आफ्रिकेत कुठे भाजायचे, हे मी तिला विचारलं नाही.

प्रश्न लोकांचा नव्हताच. मला जायचं होतं. त्या घरातून, त्या औषधांच्या वासातून मला बारा दिवस बाहेर पडायचं होतं, आणि याची मला लाज वाटत होती. म्हणून मी यांना विचारलं, "मी एकटी जाऊ का?" हे पंख्याकडे बघत राहिले. एकदा नाही, दोनदा नाही, डोळे मिटलेच नाहीत. त्यानंतर मी तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा तेच. अर्ध्या चेहऱ्यावरून राग की दुःख काही ओळखू येत नव्हतं. मी मनाशी ठरवलं, बॅग भरायची, गाडी दारात येऊ द्यायची, आणि तोवर यांनी हो म्हटलं नाही तर गाडी परत पाठवायची.

निघायच्या दिवशी सकाळी दहाला गाडी आली. मी पलंगाजवळ जाऊन शेवटचं विचारलं. हे पंख्याकडेच बघत होते. मी पायातले नवे बूट काढायला खाली वाकले. तेवढ्यात नणंद दही-साखरेची वाटी घेऊन आली आणि म्हणाली, "हात पुढे कर वहिनी."

तशी पलंगावर थाप पडली. हे डाव्या हाताने गादीवर थापा मारत होते.

आमच्या घरात निघताना हातावर दही द्यायचं काम यांचं होतं. एरवी पाण्याचा पेला उचलून न ठेवणारा माणूस. पण मी परीक्षेच्या ड्यूटीला निघो की जामनेरला माहेरी, दही यांनीच द्यायचं. नणंदेला ते ठाऊक होतं. तिने वाटी यांच्यापुढे धरली. यांनी चमचा घेतला आणि डाव्या हाताने उजव्या हाताच्या बोटांत अडकवायला लागले. चमचा पडला. दही चादरीवर सांडलं.

"भाऊ, डावाच हातघाई दे ना," ती म्हणाली.

यांनी दोनदा डोळे मिटले. डाव्या हाताने दही देत नाहीत. चमचा पुन्हा घेतला, पुन्हा पडला. बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवत होता. यांच्या कपाळावर घाम आला होता. मी पलंगावर बसले, यांची उजवी मूठ माझ्या डाव्या हाताने चमच्याभोवती घट्ट धरली आणि उजवा तळवा पुढे केला. आम्ही दोघांनी मिळून तो चमचा कलता केला.

दही गार होतं. सहा महिन्यांत मला पहिल्यांदा काहीतरी जाणवलं ते एवढंच. मी ते खाल्लं आणि मग जी रडायला लागले ती मला थांबताच येईना. यांनी माझ्याकडे बघून डोळे मिटले. एकदाच, आणि बराच वेळ मिटून ठेवले.

मुंबईपर्यंत मी हात धुतला नाही. विमानतळावर त्याच चिकट हाताने पासपोर्ट पुढे केला. त्याच्या कव्हरवर बोटांचा डाग अजून आहे.