पाईपचं दुसरं टोक

आमच्या बाहेरच्या खोलीत कुठलीही गोल वस्तू हरवली, तर ती शोधावी लागत नाही. ती दाराजवळच्या कोपऱ्यात असते. नवखे पाहुणे हा वास्तूचा गुण समजतात, आणि आम्ही त्यांचा समज मोडत नाही.

मी नसरापूरच्या शाळेत सव्वीस वर्षं विज्ञान शिकवतो. घर उत्रोलीला. घरात आई, बायको सुनीता आणि मुलगी मनीषा. गेल्या दिवाळीनंतर मनीषाचा साखरपुडा आमच्याच घरी करायचं ठरलं आणि दुसऱ्याच दिवशी सुनीताला एकाएकी आपली शहाबादी फरशी दिसली. (ती तिथे चाळीस वर्षं होती. पण दिसली त्या दिवशी!)

"अहो, या असल्या काळ्या फरशीवर विहीणबाई बसणार?"

"सतरंजी टाकू की."

"त्यांचं भाटघरला नवं घर होतंय, आणि आपण सतरंजी टाकू?"

सतरंजी तिथेच बारगळली. आम्ही तिघं, म्हणजे मी, सुनीता आणि आई, नसरापूरच्या टाईल्सच्या दुकानात गेलो. तिघांची मतं चार होती, कारण मी मध्येच बदललो. सुनीताला तोंड दिसेल अशी पांढरीशुभ्र टाईल हवी होती. मी दुकानदाराला प्रकाशाचं परावर्तन समजावून सांगत होतो आणि तो मान डोलावत मोबाईल बघत होता. तेवढ्यात आईने चप्पल काढली.

"दादा, जरा तांब्याभर पानी दे."

दुकानदाराला वाटलं, आजींना तहान लागली. आईने ते पाणी खाली मांडलेल्या चकचकीत टाईलवर ओतलं, पदर खोचला आणि सरळ तिच्यावर उभी राहिली. पुढच्या क्षणी ती दुकानदाराच्या गळ्यात होती!

"ही नगं," त्याला धरूनच आई म्हणाली. "ही मानूस मारंल. खरबरीत दाव."

अशा रीतीने फिकट बदामी रंगाची, खरखरीत टाईल ठरली. त्याबदल्यात स्वयंपाकघराची भिंत सुनीताच्या वाट्याला गेली आणि तिने चहाच्या कपांची चित्रं असलेल्या टाईल्स घेतल्या. आई त्या भिंतीकडे आजही बघून म्हणते, "कपच कप. च्या कुटं हाय?"

काम बबन मिस्त्रींना दिलं. मिस्त्री वेल्ह्याकडचे. तीस वर्षं फरशी घालतात, बोलतात कमी. त्यांचं काम मी आधी पाहिलं होतं, म्हणून भाटघरच्या आमच्या होणाऱ्या व्याह्यांनाही मीच त्यांचं नाव सुचवलं होतं. व्याह्यांनी शब्द दिला होता की साखरपुड्याला आल्यावर तुमची फरशी बघतो, आवडली तर आमच्या सगळ्या घराचं काम त्यांनाच. मिस्त्रींच्या डोळ्यांसमोर पुढचे दोन महिने भाटघर होतं.

मात्र भात काढणीचे दिवस. मिस्त्रींच्या हाताखाली त्यांची बायकोच काम करते, ती नेमकी भात काढायला गेलेली. आणि लेव्हल तर दोघांशिवाय काढता येत नाही. त्याची रीत सोपी आहे. एक लांब पारदर्शक पाईप, त्यात पाणी. एक टोक मिस्त्री एका भिंतीशी धरतात, दुसरं टोक दुसरा माणूस समोरच्या भिंतीशी. दोन्हीकडे पाणी सारख्या उंचीला थांबतं, तिथे पेन्सिलीने खूण करायची. त्या खुणांवरून सगळी फरशी.

"सर, कुनीतरी टोक धराया पायजे," मिस्त्री म्हणाले.

"कुणीतरी कशाला? मी आहे ना! अहो, द्रव आपली पातळी समान राखतो, हे मी दरवर्षी शिकवतो."

उंबऱ्यात बसलेली आई म्हणाली, "आरं, त्यापरीस दाराला मातीचा बांद घाल आन् खोलीत बोटभर पानी सोड. खाचराची पातळी आमी तशीच बगतो. पानीच सांगतंय सगळं."

मी हसलो. मोठ्याने हसलो, हे इथे नमूद करतो, कारण पुढे ते उपयोगी पडणार आहे.

मी पाईपचं टोक घेतलं. पहिल्याच झटक्यात चिळकांडी उडून माझ्या शाळेच्या पँटवर आली. मी लगेच पाईपच्या तोंडावर अंगठा दाबला. (प्रसंगावधानी माणसाचं हे लक्षण!) मग दाराजवळच्या कोपऱ्यात जाऊन मी टोक भिंतीशी धरलं.

"सर, पानी थांबलं का?" पलीकडून मिस्त्रींनी विचारलं.

"एकदम थांबलंय!"

"हालत न्हाई नव्हं?"

"थेंबभरसुद्धा नाही, मिस्त्री! करा खूण!"

दुसऱ्या दिवशी अर्धी फरशी झाल्यावर मिस्त्री हातातल्या लेव्हलच्या पट्टीकडे बघत बराच वेळ बसून राहिले.

"सर, ह्यातला बुडबुडा जरा एका कडंला चाललाय."

"पट्टी जुनी झाली असेल."

"मागल्या सालीच घेतली."

"मिस्त्री, पट्टी चुकेल, पाणी चुकायचं नाही. निसर्गाचा नियम आहे!"

मास्तरच सांगतोय म्हटल्यावर मिस्त्रींनी पट्टी बाजूला ठेवली. गुरुवारी काम पूर्ण झालं. रविवारी साखरपुडा. शुक्रवारी सुनीता नव्या फरशीवर ऐटीत मटार सोलत बसली आणि तिच्या हातून पातेलं कलंडलं.

सगळा मटार शाळा सुटल्यासारखा दाराकडे धावला. एकही दाणा मागे राहिला नाही. सुनीताने आधी पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता. मग तिने एक लिंबू मध्यभागी ठेवलं. ते क्षणभर विचार करून निघालं आणि दाराजवळच्या कोपऱ्यात जाऊन थांबलं. मनीषाने सुपारी सोडली, तीही गेली. मी खिशातला खडू ठेवला. खडू तर सुपारीच्या आधी पोहोचला!

"अहो, घर कललं!" सुनीता किंचाळली.

"घर नाही, फरशी कललीय. त्या मिस्त्रीने घोटाळा केलाय!" मी ओसरीत येऊन ओरडलो. माझा आवाज चाळीस मुलांच्या वर्गाला पुरणारा. तो आमच्या आळीलाही पुरला, आणि संध्याकाळी भाटघरहून व्याह्यांचा फोन आला.

"सर, आयकलं ते खरं का? मिस्त्रीनं फरशी तिरकी घातली म्हनं? मंग आमच्या घराचं जरा इचार करून बगावं लागंल."

"बघा बुवा," मी म्हणालो.

शनिवारी सकाळी मिस्त्री आले. तोंड उतरलेलं. "सर, काल जेवान ग्येलं न्हाई मला. तीस वर्सांत असं झालं न्हाई. साकरपुडा होऊ द्या, समदी फरशी उकलून पुन्ना घालून देतो. पर आदी कुटं चुकलं त्ये बगू द्या. धरा टोक."

मी तोऱ्यात टोक घेतलं, त्याच कोपऱ्यात गेलो, आणि सवयीने अंगठा दाबला. सुनीता, मनीषा, आई, तिघी बघत होत्या.

"पानी थांबलं का, सर?"

"थांबलंय! अगदी जुन्या खुणेवरच! बघा, म्हणजे माझी बाजू बरोबर!"

आई काठी टेकत जवळ आली. पाईपकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. सगळा जन्म भातखाचरात पाणी फिरवलेली बाई ती.

"आरं, आंगठा काड की."

"काय?"

"वरनं तोंड दाबल्यावर पानी कुटं जाईल? काड!"

मी अंगठा काढला. पाईपमधलं पाणी सरसर वर चढलं आणि माझ्या खुणेच्या दीड बोट वर जाऊन निवांत उभं राहिलं.

दरवर्षी नववीच्या वर्गात हवेचा दाब शिकवणारा मी, हातात पाईप धरून उभा होतो. मी तिला हसलो होतो, पण आई मला हसली नाही. तिचा तो मोठेपणा मला जास्त झोंबला. मिस्त्री मात्र खाली बसले आणि गमज्याने तोंड पुसत म्हणाले, "म्हंजी माजा हात न्हाई चुकला." एवढंच. ना राग, ना टोमणा. मला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

"उकलायची कशाला?" आई म्हणाली. "खाचराला बी एक कोपरा खाली लागतोच, पानी भायेर काडाया. ह्यो तर दाराकडंच हाय. धुवाया बेस!"

फरशी वाचली. पण भाटघरचं काम? मी फोन हातात घेतला, तीनदा नंबर काढला आणि तीनदा ठेवून दिला. होणाऱ्या व्याह्यांना काय सांगायचं? मुलीच्या बापाला पाईप धरता येत नाही? शेवटी मिस्त्रींना म्हणालो, "उद्या तुम्ही पाहुणे म्हणून यायचं. मी बघतो." काय बघणार होतो ते मलाही ठाऊक नव्हतं.

रविवारी सुनीताने मधली येण्याजाण्याची पट्टी सोडून सगळीकडे सतरंज्या अंथरून फरशीच झाकून टाकली. (म्हणजे शहाबादीही चालली असती. पण हे मी बोललो नाही.) मिस्त्री इस्त्रीचा सदरा घालून दाराजवळ अंग चोरून बसले. सगळं छान चाललं होतं. विहीणबाई मनीषाची ओटी भरायला उठल्या, आणि ताटातला नारळ घसरला. सतरंजीवरून उतरला, मधल्या उघड्या पट्टीवर आला, डुलत डुलत, कुणाचीही घाई न करता, पन्नास माणसांच्या देखत थेट मिस्त्रींच्या पायाशी जाऊन थांबला.

"आरं तिच्या!" व्याही म्हणाले. "म्हंजी उतार हाय तर!"

पन्नास माना मिस्त्रींकडे वळल्या. मिस्त्रींनी नारळ उचलून कपाळाला लावला, परत दिला आणि मान खाली घातली. माझं नाव घेतलं नाही. ते त्यांनी घेतलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

मी उभा राहिलो. "उतार मिस्त्रींचा नाही. पाईपचं दुसरं टोक मी धरलं होतं. अंगठा दाबून."

व्याहीही भातशेतीवालेच. त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही.

"आंगठा दाबून?"

"हो."

"आन् पानी थांबलं म्हनलासा?"

"हो."

"सर, तुमी शाळंत काय शिकिवता?"

"विज्ञान."

आधी विहीणबाईंच्या तोंडून फिस्सकन आवाज आला. मग जे हसू फुटलं, ते आवरायला दहा मिनिटं लागली. नवरामुलगा तर डोळे पुसत होता. मनीषाही हसत होती, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. साखरपुडा मोडला नव्हता. मिस्त्रींची मान वर आली होती. माझं जे व्हायचं ते झालं होतं.

व्याही उठून मिस्त्रींजवळ गेले. "मिस्त्री, उद्याच्या सोमवारपासनं भाटघरला या. समदं घर तुमचं."

"येतो की," मिस्त्री हात जोडून म्हणाले. मग त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. "पर लेवल काडाया आजींस्नी घिऊन येतो."