शंभराला सातशे चाळीस

या, अशा जवळ येऊन बसा बरं. लांबून अर्धं ऐकायचं आणि मग म्हणायचं, काकूंनी नीट सांगितलंच नाही... ही कसली रीत? आणि मध्येच हसायचं नाही, आधीच सांगते. इथे तुम्ही सगळे पिंपळ, विहिरी, पांढऱ्या साड्या वाचायला येता. माझ्याकडे त्यातलं काही नाही. भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता, आजही नाही. माझ्याकडे आहे तो फक्त एक आकडा... आणि तो काही सुटत नाही.

गोष्ट नव्वदीच्या मधल्या वर्षांतली. आम्ही भिवंडीत राहायचो, घरामागे एक जुना गाळा होता. त्यातले लूम, म्हणजे यंत्रमाग, कधीच विकले गेले होते. माझे धाकटे दीर, सुरेश भावजी, यांनी तिथे रेकॉर्डिंगचा संसार मांडला. भिंतींना गाद्या आणि पोती लावली, एक माइक, कॅसेटची मशिनं आणि कुठूनसा आणलेला जुना कॉम्प्युटर. रेकॉर्डिंग फक्त शुक्रवारी, कारण त्या दिवशी आजूबाजूचे लूम बंद. एरवी गाणाऱ्याच्या प्रत्येक ओळीत खटाखट ऐकू यायची.

त्या कॉम्प्युटरवर मी बसायचे. शिकवलं कुणी नाही हो, बघून बघून शिकले. भावजींच्या मित्राने एक छोटासा प्रोग्राम करून दिला होता. गाण्याचा टेम्पो टाकायचा, म्हणजे मिनिटाला ठोके किती ते, की तो सांगणार प्रतिध्वनी किती वेळाने यायला हवा. साधा भागाकार. एका मिनिटाचे साठ हजार मिलिसेकंद, त्याला टेम्पोने भागा. शंभर ठोके असतील तर सहाशे. तो आकडा डिले मशीनला द्यायचा, की गाणाऱ्याचा शब्द बरोबर पुढच्या ठोक्यावर परत येतो. चुकला तर शब्दावर शब्द आदळतात, जत्रेतल्या भोंग्यासारखं वाटतं.

एका शुक्रवारी खारबावहून जनाबाई आल्या. लग्नात हळदीपासून धवले गातात ना, त्या धवलारीण. धवला एकटीने गायचा नसतो. एकीने ओळ टाकायची, दुसरीने ती झेलायची. जनाबाईंची दुसरी म्हणजे त्यांची नणंद, बायो. जनाबाई लग्न होऊन आल्यापासून दोघी जोडीने गात आल्या होत्या. पण त्या वर्षी बायोला लकवा झाला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. पायात थोडा जीव आला, शब्द मात्र येईना. डॉक्टर म्हणाले, बोलतं करायचा प्रयत्न करत राहा. पण ती भिंतीकडे तोंड करून बसायची. जनाबाईंनी घरी गाऊन पाहिलं, तर डोक्यावर पदर ओढून घ्यायची. शेवटी त्यांना वाटलं, कॅसेट लावली तर निदान पदर ओढणार नाही. तोंड उघडलं तर उघडलं. तेवढ्यासाठी ती बाई स्टेशन गाठून आमच्याकडे आली होती.

भावजींनी मशिनवरची ढोलकी लावली, शंभरच्या टेम्पोला. जनाबाईंना ती पसंत नव्हती. ही ढोलकी दमत कशी नाही, म्हणून विचारत होत्या. झेलायला दुसरी बाई नाही म्हणून ओळीचा शेवटचा शब्द डिलेने परत आणायचा असं ठरलं. मी शंभर टाकले.

स्क्रीनवर आलं — सातशे चाळीस.

मला वाटलं, बोट चुकलं. पुन्हा टाकले, पुन्हा सातशे चाळीस. भावजी म्हणाले, वहिनी, चष्मा पुसा. मी म्हटलं, तुम्हीच टाका. त्यांनी टाकले... तेच. नव्याण्णव टाकले तर सहाशे सहा, एकशे एकला पाचशे चौऱ्याण्णव, म्हणजे अगदी बरोबर. फक्त शंभरालाच चूक. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. प्रोग्राम उघडून पाहिला, त्यात भागाकाराची एक ओळ, दुसरं आहेच काय! कॅलक्युलेटर सहाशे म्हणत होता.

या गडबडीत मी मघाचाच आकडा मशीनला देऊन ठेवला होता. जनाबाई कंटाळल्या, कानाला हेडफोन होताच, त्यांनी सहज एक ओळ म्हटली. ओळ संपायची ती 'अंगणी' या शब्दावर. ढोलकीचा ठोका पडला, गेला, आणि त्यानंतर जरासा मागे रेंगाळून शब्द परत आला... अंगणी.

भावजी म्हणाले, हे ठोक्यावर नाही, थांबा, सहाशे करतो. जनाबाईंनी त्यांचा हात धरला.

"राहू दे. हा बायोचा उशीर हाय."

आम्हाला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. बायो कधीच ठोक्यावर झेलत नसे. आधी श्वास घ्यायची, मग शब्द. तरुणपणी जनाबाई तिला त्यावरून बोलायच्या, पुढे कान त्यालाच सरावला. त्यांनी सगळे धवले त्याच सातशे चाळीसवर गायले. मला भीती नाही वाटली. देवघरात बसल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी भावजी आणि मी टेपरेकॉर्डर घेऊन खारबावला गेलो. बायो ओटीवर भिंतीकडे तोंड करून बसली होती. जनाबाईंनी कॅसेट लावली. पहिला धवला सरला, काही नाही. दुसऱ्यात तिची मान थोडी वळली. जनाबाई तिला रागे भरल्यासारख्या म्हणाल्या, "आयकतेस ना? तुजाच उशीर हाय हा. दुसऱ्या कोनाला जमल का?"

मग 'अंगणी'ची ओळ आली. ठोका पडला, गेला, आणि टेपमधल्या शब्दाच्या जोडीने बायोच्या तोंडून काहीतरी बाहेर आलं. शब्द नव्हे, शेपूट शब्दाचं... "...णी."

भावजी उभेच राहिले. जनाबाईंनी मात्र टेप बंद केली. मला वाटलं, हे काय केलं या बाईने! तर त्यांनी तीच ओळ स्वतः म्हटली. ढोलकी नाही, डिले नाही. म्हणून झाली आणि गप्प बसल्या. बायोने छाती भरून श्वास घेतला, वाकडं तोंड सावरलं आणि म्हणाली,

"अंगणी."

उशिराच. तिच्याच हिशेबाने.

पुढच्या शुक्रवारी मी पुन्हा शंभर टाकले. सहाशे आले. परत कधी चुकलं नाही. माझा भाचा यातला जाणकार, तो म्हणतो, भिवंडीच्या विजेचा भरवसा नाही, मेमरीत काहीतरी बिघडलं असेल. असेल बाबा. पण मग एकाच आकड्याला का, त्याच दिवशी का, आणि नेमका तेवढाच का बिघडावा? गाण्याने वाचा परत येते, हे डॉक्टरांनीही मान्य केलं. आकड्याचं विचारलं तर हसले. मलाही उत्तर माहीत नाही, आणि खरं सांगू, आता शोधतही नाही.

बायो बोलताना अजून अडखळते. 'चहा' म्हणायला तिला दोन वेळा प्रयत्न करावा लागतो. पण धवल्यात अडत नाही. पुढच्या हंगामात दोघी पुन्हा मांडवात बसल्या. शुक्रवारी लूम बंद असले की कधीकधी आमच्याकडे येतात आणि माझ्या स्वयंपाकघरातच गायला लागतात.

तर नुसतं वाचून जाऊ नका. एखादा शुक्रवार मोकळा ठेवा आणि या. लवकर या हो, बायोचं वय झालंय. येताना जेवून येऊ नका म्हणजे झालं.