झाड उद्याचं, पाणी आजचं

इनॉक पेणकरचा मला हेवा वाटतो. वाटायचा नाही, वाटतो. लोक अशा गोष्टी मोठ्या मनाने भूतकाळात लिहितात. माझं मन तेवढं मोठं नाही.

खांदा कॉलनीत आमचं दोघांचं ऑफिस होतं. पाटीवर 'भगत आणि पेणकर, लँडस्केप आर्किटेक्ट्स'. माझं नाव आधी, कारण पाटी मी करून घेतली होती. सोसायट्यांच्या बागा, शाळांची मैदानं, कधी एखाद्या फार्महाऊसचं आवार, अशी कामं. साइटवर मी सकाळीच हजर. इनॉक अकराला उगवायचा, शर्टाच्या खिशात भाजलेले शेंगदाणे, आणि क्लायंट माझ्याशी बोलता बोलता त्याच्याकडे वळायचा. का, तर म्हणे तो नीट ऐकून घेतो. मीही ऐकून घेतो. ते माझ्या तोंडावर दिसत नाही, असं माझी बायको भामा म्हणते.

इनॉक जुन्या पनवेलचा, सिनेगॉगच्या मागे राहणारा. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं घर. बहीण लीया लग्न करून इस्रायलला गेलेली, आणि आई शब्बाथच्या बाबतीत कडक. शुक्रवारी सूर्य बुडाला की शनिवारी अंधार पडेपर्यंत काम नाही, फोन नाही. क्लायंटांना नेमका शनिवारच मोकळा असायचा, आणि त्यांना तोंड द्यायला मी एकटा.

२०१२ साली खारघरला, बेलपाड्याजवळच्या एका हॉलमध्ये लँडस्केप आर्किटेक्टांसाठी प्रशिक्षण भरलं. हवामान बदलतंय, समुद्र चढतोय, पाऊस एकदम कोसळतोय, तर बागा आणि मोकळ्या जागा आखायच्या कशा, हा विषय. शिकवायला सुरैय्या मुकादम मॅडम. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं की शेवटच्या दिवशी आमच्यातल्या एकाला निवडणार आणि कोकणातले पुढचे वर्ग त्याच्यावर सोपवणार. ती जागा मला हवी होती. किती हवी होती, तर मी घरी आरशासमोर उभा राहून "बसा, बसा" म्हणून पाहिलं होतं.

खाडीकाठच्या एका शाळेची बाग आखायची होती, जोडीजोडीने. आमचं ड्रॉइंग मी काढलं. झाडं काढण्यात पनवेलमध्ये माझा हात धरणारा कोणी नव्हता. मॅडम ते बघत म्हणाल्या, "भगत, हे करंज एवढे मोठे?"

"वीस वर्षांनंतरचे आहेत, मॅडम. आपल्यात सगळे तसंच काढतात."

खरंच होतं ते. लावताना रोप काठीएवढं असतं, पण कागदावर आम्ही पुरी सावली दाखवतो. क्लायंटला सावली बघायची असते. सगळ्यांनी माना डोलावल्या. इनॉक शेंगदाणे चघळत ड्रॉइंगकडे बघत होता. म्हणाला, "मग खाडी का आजची काढलीय आपण?"

"म्हणजे?" मी विचारलं.

"झाड वीस वर्षांनंतरचं, आणि त्याच्या बुंध्यापाशी उधाणाच्या पाण्याची रेषा यंदाच्या सर्व्हेतली. झाड वाढणार, मुलं सावलीत बसणार, आणि पाणी तेवढं जागचं हलणार नाही?"

मग एकेक जण आपापल्या ड्रॉइंगवर वाकला. सगळ्यांनी तेच केलं होतं. ही चूक आमच्याच धंद्यातली. बिल्डिंग काढणाऱ्याकडून ती व्हायची नाही, कारण त्याची बिल्डिंग वाढत नाही. मॅडम म्हणाल्या, "वा, क्या बात है! पेणकर, पुन्हा बोला. सगळ्यांनी लिहून घ्या." मला लिहून घ्यावं लागलं! अंगाचा नुसता तिळपापड झाला. झाडं माझी, रेषा माझ्या, आणि वाक्य त्याचं. तेही इतकं साधं, की मला सुचायला काहीच हरकत नव्हती.

शेवटचा दिवस शनिवार होता, म्हणून इनॉक नव्हता. मॅडमनी नाव त्याचंच घेतलं आणि मला म्हणाल्या, "भगत, तुम्ही कळवा त्याला." कळवणार कसं? त्याचा फोन बंद. म्हणजे अंधार पडेपर्यंत ती जागा अजून कोणाचीच नाही, असं मी स्वतःला समजावत सुकापूरला घरी आलो आणि जेवणाला नावं ठेवली.

"राग त्या इनॉकवर हाय ना तुमचा?" भामा म्हणाली. "मंग आमटी नाय आवडली असं कशाला म्हनता?"

अंधार पडल्यावर त्याच्या घरी जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "अरे, मला वाटलेलं तुलाच मिळेल." त्याला खरंच तसं वाटलं होतं, आणि तेच मला सहन होईना.

दोन वर्षं तो अलिबाग, रोहा, महाड फिरून शिकवत होता आणि मी त्याच्या वाटची ड्रॉइंग पुरी करत होतो. मग आईने लीयाकडे जायचा हट्ट धरला आणि इनॉक आईला घेऊन इस्रायलला गेला, कायमचा. मॅडमचा फोन आला, "भगत, आता तुम्हीच." त्या 'आता'मध्ये काय ते आलं. तरी मी हो म्हणालो. पहिल्याच वर्गात मागून एका मुलीने विचारलं, "पेणकर सर नाही का येणार?"

वर्षभराने एका रविवारी इनॉकचा फोन आला. तिकडे त्याची पदवी अजून ग्राह्य धरली जात नव्हती. एका नर्सरीत तो रोपं पिशव्यांत भरायचं काम करत होता. त्याने विचारलं, वर्गात सध्या काय चाललंय. मी सांगत गेलो, थोडं वाढवूनच सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "महादेव, मला तुझा हेवा वाटतो रे."

हे ऐकायला मी किती वर्षं ताटकळलो होतो! फोन भामाच्या कानाला लावावा असं वाटलं. आणि मग ध्यानात आलं, की जे मी इतक्या वर्षांत त्याच्यापाशी एकदाही बोलू शकलो नव्हतो, ते त्याने एका दमात सांगून टाकलं आणि लगेच भामाची चौकशी केली. हेही त्यालाच जमावं!