दीड तास बाकावर बसलेल्या महालक्ष्मी

समस्त भाविकजनांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या घरच्या ज्येष्ठा महालक्ष्मी एका भाद्रपदात मुहूर्त टळून गेला तरी दवाखान्याच्या लोखंडी बाकावर दीड तास बसून होत्या, आणि या अपराधाची एकमेव धनी मी आहे. सासूबाईंनी मला त्याच दिवशी माफ केलं. देवीनं केलं की नाही, ते पुढचं वाचून तुम्हीच ठरवा.

मी बायकांची डॉक्टर. रायपूरच्या समता कॉलोनीत खाली माझा दवाखाना आणि वर घर. सासरे रेल्वेच्या नोकरीपायी अमरावतीकडून इकडे आले आणि इथलेच झाले. सासूबाईंनी मात्र आपली बोली आणि आपल्या महालक्ष्म्या जशाच्या तशा जपल्या. माझी भक्ती म्हणाल तर सणापुरती. नऊवारी नेसायची, नथ घालायची, फोटोत नीट उभं राहायचं. मनातला खरा विश्वास सोनोग्राफीच्या मशीनवर.

त्या वर्षी मन जरा बिघडलेलं होतं. राजधानी झाल्यापासून शहर चहूकडे वाढत होतं. इमारतींवर आणि सिलतराच्या कारखान्यांत कुठकुठची माणसं कामाला येत होती. मग एकाएकी ‘बाहरवाले’ कोण, त्यांचे कागद कुठे, अशी चर्चा सुरू झाली. कॉलोनीतल्या एका वजनदार गृहस्थांनी मला रस्त्यात थांबवून सांगितलं, “मॅडम, ऐसे लोगों का इलाज करोगी तो किसी दिन ताला लग जाएगा.” आमचे मॅनेजर तिवारीजी स्वभावानेच भित्रे. त्यांनी दुसऱ्याच दिवशी पाटी लावली : ‘आधार कार्ड के बिना भर्ती नहीं होगी’. मी ती पाटी पाहिली. सरळ लागली आहे ना, एवढंच पाहिलं आणि वर निघून गेले.

महालक्ष्म्यांच्या आगमनाचा दिवस. दुपारी चारचा सुमार. आमची तुळस फाटकाशी, दवाखान्याच्या दारालगत आहे. तिथून मुखवटे उचलायचे, कुंकवाच्या पावलांवरून जिना चढायचा, आणि घरात नेऊन बसवेपर्यंत ते खाली टेकवायचे नाहीत. कनिष्ठा जाऊबाईंच्या हातात, ज्येष्ठा माझ्या. जाऊबाई पुढे निघाल्या. वरून ताटावर चमचा वाजत होता. तेवढ्यात फाटकात ऑटो थांबला.

एका म्हातारीने एका तरुण बाईला जवळजवळ ओढतच खाली उतरवलं. तिवारीजी पाटीखाली उभे राहून विचारू लागले, “नाम? कहां से आए? आधार?”

“शिउली, मेरी बहू है,” म्हातारी बंगाली वळणाच्या हिंदीत म्हणाली. “सिलतरा से आए. कागज नहीं है, बाबू. हम उधर के हैं. बॉर्डर के उस पार के.”

इतकं खरं कुणी बोलतं का हो? तिवारीजींचा चेहरा पांढराफटक झाला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी, नथ घातलेली, देवीचा मुखवटा छातीशी धरलेली डॉक्टरीण, त्या बाईकडे न पाहताच म्हणाले, “बडे अस्पताल भेज दो.”

कारणं माझ्याकडे भरपूर होती. भूल देणारे डॉक्टर साहू त्या वारी भिलाईत असतात. सण आहे. उद्या कुणी चौकशीला आलं तर? एकेक कारण मनात ओवाळून घेत मी पहिली पायरी चढले. वरून सासूबाईंनी रीतीप्रमाणे विचारलं, “कोण आलं?”

उत्तर ठरलेलं असतं. ‘महालक्ष्मी आल्या’. पंधरा वर्षं मी ते नाटकातल्यासारखं ठसक्यात म्हणत आले आहे. त्या दिवशी तोंड उघडलं आणि शब्द येईना. सासूबाईंनी पुन्हा विचारलं, “कोण आलं व? बोलत काहून नाहीस?”

मी मागे वळून पाहिलं. काही दिसलं नाही, प्रकाश नाही की सुगंध नाही. दिसली ती एका बाईची नखं. कागदासारखी पांढरी. कपाळावर घाम, एक हात पोटावर आणि दुसऱ्या हाताने तिने स्वतःचा खांदा धरलेला. पोटात रक्त साचलं की खांदा दुखतो, हे नागपूरच्या कॉलेजात माझ्या डोक्यात पक्कं बसवलेलं. “महीना कब आया था?” मी ओरडून विचारलं. “दो महीना चढ गया,” म्हातारी म्हणाली. गर्भ पिशवीऐवजी नळीत राहिला होता आणि नळी फुटली होती. मोठा दवाखाना शहराच्या पलीकडे, रस्ते गणपतीच्या मांडवांनी अडलेले. ती ऑटोतच गेली असती. माझ्या सांगण्यावरून गेली असती.

मी धावले. हातात मुखवटा! खाली ठेवायचा नाही. तिवारीजींनी दोन्ही हात मागे घेतले, म्हणे आंघोळ सकाळची आहे. मोकळे हात फक्त म्हातारीचे. मी देवी तिच्या हातात दिली. “अम्मा, इनको नीचे मत रखना,” इतकंच म्हणाले आणि तिच्या सुनेला स्ट्रेचरवर घातलं.

पण भूल कोण देणार? मी साहूंना फोन लावला, आणि तो फाटकातच वाजला. माणूस रेशमी कुर्ता घालून, मिठाईचा डबा घेऊन दारात उभा! दर वर्षी दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं त्यांना आमंत्रण असतं. या वर्षी त्यांनी दिवस चुकवला होता.

“दीदी, सुबह से कुछ नहीं खाया. पूरनपोली के लिए जगह रखी है.”

“जेवण उद्या आहे, डॉक्टर! आज पहला दिन है. आत चला, पेशंट संपत चालली.”

त्यांनी स्ट्रेचरकडे एकदा पाहिलं. डबा तिवारीजींच्या हातात दिला. “हव, चलो.” कागदाबद्दल त्यांनी एक अक्षर विचारलं नाही. आत कुर्त्याच्या बाह्या सरसावताना एवढंच पुटपुटले, “भिलाई के ऑपरेशन की पूरी लिस्ट छोड़ के आया हूं, और यहां खाना भी नहीं.” रक्ताच्या बाटल्याही त्यांच्याच ओळखीने वेळेवर आल्या.

पोट उघडलं तेव्हा आत रक्तच रक्त होतं. त्या पाऊण तासाचं वर्णन मी करणार नाही. हात आपलं काम करत होते आणि मी मनात एकच म्हणत होते : बाई, तुला हाकलताना मला अक्कल नव्हती, आता माझे हात तू चालव. माझ्या आयुष्यातली पहिली खरी प्रार्थना तीच. ती मी कुणाला केली, बाकावरच्या देवीला की टेबलावरच्या बाईला, हे मला आजही सांगता येत नाही. रक्त थांबलं. नाडी परत आली.

बाहेर आले तर बाकावर दोन म्हाताऱ्या. शिउलीच्या सासूने मुखवटा उराशी धरलेला, हात अवघडले होते पण खाली आणले नव्हते. शेजारी माझ्या सासूबाई, पदराने तिला वारा घालत. मला वाटलं आता माझी खरडपट्टी. तर त्या म्हणाल्या, “तुले यायले वेळ लागन म्हणून मी बी बसतो म्हटलं इथंच. अव, इच्या हातात आल्या ना महालक्ष्म्या, मंग आता इच घेऊन जाईन वर.” आणि बॉर्डरच्या उस पारची ती म्हातारी, सून वाचल्याचं ऐकून डोळे पुसत, कुंकवाच्या पावलांवरून आमच्या घरात ज्येष्ठा घेऊन आली. जाऊबाईंनी ताट वाजवलं. मुहूर्त कधीच गेला होता.

शिउली सहाव्या दिवशी आपल्या पायांनी चालत गेली. पुढे कुठे गेली, मला माहीत नाही. साहूंचा दिवस कसा चुकला, यावर मी वाद घालत नाही. ते स्वतः सांगतात की भूक लागली होती. मला एवढंच समजलं की शरण जाणं म्हणजे हात जोडून बसणं नाही. आपल्या भीतीला आपण ‘कारणं’ म्हणतो, ती बाजूला ठेवणं आणि समोर आलेल्याला हात लावणं, बस. बाकीचं जे चालवायचं ते कुणीतरी चालवतं. पाटी मी त्याच संध्याकाळी स्वतः काढली. तिवारीजींनी स्टूल धरलं.

आता राहिली एकच गोष्ट, हवालदाराची. ऑपरेशन चालू असतानाच तिवारीजींनी घाबरून ठाण्यात कळवलं होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी एक तरुण हवालदार वही घेऊन आला. “मैडम, भर्ती करने से पहले पूछा नहीं, कौन है, कहां की है?” मी रात्रभर भाषण पाठ केलं होतं. डॉक्टरची शपथ, त्यात गावाचा रकाना नाही, वगैरे. पदर खोचून, आवाज चढवून मी सुरू केलं, “देखिए, मेरे सामने जो आएगा, पहले उसको बचाऊंगी. तुमच्या चौकशा तिला सुट्टी झाल्यावर. आज ती बोलण्याच्या स्थितीत नाही, हे मी लिहून देते. और चाहो तो मुझे ले जाओ!”

तो वहीत काहीतरी लिहीत ऐकत राहिला. मी दिलेला कागद घडी करून खिशात ठेवला. दारापर्यंत गेला, थांबला, इकडेतिकडे पाहिलं, आणि एकदम बोलून गेला, “मैडम, मेरी घरवाली का आठवां महीना चल रहा है, आप ही के पास ले आऊं?”