तापलेला शंट

"हा तापणार नाही ना?" उद्यमनगरातल्या दुकानात मी तिसऱ्यांदा विचारलं. शंट म्हणजे करंट मोजण्यासाठी वाटेत बसवायची छोटी धातूची पट्टी; मोटरी तपासताना मी आयुष्यभर ती वापरत आलेय. पण शेजारच्या मोटर वाइंडिंगच्या दुकानातून ओल्या वार्निशचा वास आला आणि माझं मन मागे गेलं.

वीस वर्षांपूर्वी वाइंडिंगवाल्या इस्माईलचाचांनी नवी तार गुंडाळून भरलेली मोटर माझ्या तपासणीच्या बेंचवर चालू होती. मीटरचा काटा हळूहळू चढत होता.

"वाइंडिंग चुकलंय," मी फटकन म्हणाले.

"न्हाय ताई. तुमचं मीटर बघा की एकदा."

मी बघितलं नाही. चाचांनी सगळी तार काढून मोटर पुन्हा भरून आणली, बेंचवर ठेवली आणि ते चहाला गेले. काटा पुन्हा चढला. तेव्हा कुठे मी शंटला बोट लावलं, आणि चटका बसला. मीच फार लहान शंट निवडला होता. तो तापला की मीटर उगाच जास्त करंट दाखवायचा. घाईघाईने मोठा बसवला. काटा जागेवर थांबला.

चाचा परत आले, काट्याकडे बघून हसले. "बघा, चूक माझीच हुती."

भाजलेलं बोट मुठीत लपवून मी मान डोलावली.