दालमिलसाठी स्थळं पाहणारे मामा

नोकरी मागायला माणूस दारोदार जातो, ही जगाची रीत. पण नोकरीच पिशवीत घालून माणसाच्या दारी जाणारे गृहस्थ मी एकच पाहिले, ते म्हणजे माझे सख्खे मामा. नांदुऱ्याला दुसऱ्याच्या दालमिलमध्ये उभी हयात काढून त्यांनी जानेफळला स्वतःची लहानशी दालमिल टाकली, तेव्हा मी बी.कॉम.च्या तोऱ्यात सांगितलं, की जाहिरात द्या, अर्ज मागवा, मुलाखती घ्या. "मुलाखतीत सगळेच गोड बोलते," मामा म्हणाले. "मानूस पाहाचा असन तं त्याच्या घरी जाऊन पाहा." मग कडक इस्त्रीचा शर्ट, सोबत गावातली दोन वडीलधारी माणसं आणि खांद्यावरच्या पिशवीत नवा दुपट्टा, असा लवाजमा निघायचा. माणूस पसंत पडला की जागेवरच दुपट्टा गळ्यात. नाही पडला की पोहे खाऊन दुपट्ट्यासह परत.

पोहे खाताना मामांचे डोळे घरभर फिरत. मशीनवाला म्हणून नाव असलेल्या एका गड्याला त्यांनी न्हाणीतल्या नळावरून नाकारलं. "घरचा नळ गळून राह्यला, अन् हा आमची मशीन सांभाळते म्हणे!" गोण्या उचलायला जो पैलवान घेतला, तो मात्र त्याची ताकद पाहून नव्हे, आजारी बापाला त्यानं खाटेवरून किती हळू उठवलं, ते पाहून. एकदा माणूस फार आवडला, पण तो आदल्याच दिवशी दुसरीकडे हो म्हणून बसलेला. मी म्हणालो, "मामा, थोडा जास्त पगार सांगून पाहा ना." मामा भडकलेच. "जुळलेलं स्थळ मोडाले सांगतो काय बे? कॉलेजात हेच शिकवते का?"

एका घरी तर कमालच झाली. पाहायचं होतं मुलाला. पण इस्त्रीतले पाहुणे दारात पाहून त्याच्या आईनं त्याला साखर आणायला पिटाळलं आणि डोक्यावर ओढणी घेतलेल्या लेकीच्या हाती पोह्यांचा ट्रे देऊन तिला पुढे केलं. मामांना त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यांनी विचारलं, "पोरी, मोटर जळाच्या आधी वास कसा येते?" पोरगी न लाजता म्हणाली, "रबर तापल्यावानी. आमच्या हिरीवरची दोनदा मीच बंद केली. दादा तं झोपला होता." मामांचा हात पिशवीत गेला. दुपट्टा पोरीच्या गळ्यात पडला तशी आई गांगरली. "अहो, पन पोरगा कोनता हाये तुमचा?"

"पोरगा कुठचा बाई? दालमिल हाये!"

"अन् पगार?" हे पोरीनंच विचारलं. मिलची मशीन आज तीच सांभाळते. दादा साखर घेऊन आला तोवर सगळं ठरलं होतं.

एक जागा तेवढी राहिली, टेबलाशी बसून व्यापाऱ्यांशी बोलणाऱ्याची. खुर्ची आणलेली होती. तिच्यावरचं प्लास्टिक मामा कुणाला काढू देत नसत. अशातच एका सकाळी ते मेहकरला आमच्याकडे आले. इस्त्रीचा शर्ट, दोन वडीलधारी, खांद्यावर पिशवी. तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. आमच्या घराण्यातला मी पहिला ग्रॅज्युएट, आणि दोनच दिवसांपूर्वी पुण्याच्या कंपनीचं पत्र आलेलं. पोहे यायच्या आधीच मी ते त्यांच्या हातात ठेवलं. मामांनी ते लांब धरून शिक्क्यापर्यंत वाचलं.

"हो म्हनून कळवलं?"

"हाव, कालच."

"बेस झालं," ते म्हणाले, आणि सगळे पोहे संपवले. डोळे ताटलीतच होते. निघताना आईनं विचारलं, "भाऊ, काऊन आला होता?"

"बहिनीच्या घरी याले कारन लागते का वं?"

दोघे वडीलधारे आपापल्या चपला शोधत राहिले. पिशवी आली तशीच गेली.

पुण्यात आता मीच मुलाखती घेतो, दहा मिनिटांत एक. समोरच्याच्या घरचा नळ गळतो की नाही, मला कळत नाही. सुटीत मिलवर जातो, तर खुर्चीवर प्लास्टिक तसंच. "मानूस पाहून राह्यलो," मामा म्हणतात, आणि तुरीच्या भावावर बोलू लागतात. म्हणायचं असतं ते सोडून मीही हरभऱ्याचा भाव विचारतो, आणि जुळलेल्या घरी ते पुन्हा विचारायला जाणार नाहीत.

या दिवाळीत मी आईला मुद्दाम पोहे करायला लावले, मामांना निरोप धाडला आणि सकाळपासून दारात उभा राहिलो. मामा आले. एकटेच आले, रोजच्या चुरगळल्या शर्टात. मी आधी त्यांच्या खांद्याकडे पाहिलं. पिशवी नव्हती.